उद्याचा पाऊस चुकतो, मग २०५० चं तापमान कुठल्या जोरावर सांगतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मोबाइलवर उद्याचा पाऊस दाखवतात, तो पडत नाही. मग २०५० मध्ये अमुक अंश वाढतील हे कुठल्या जोरावर सांगतात? कॉम्प्युटरवरची मॉडेलं म्हणजे आपल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) भाकितासारखीच नाहीत का? आणि ती खरी असतील तर मुलाने शेतीत पडावं का? हे वाचून जीव घाबरा होतो."

शेवटच्या वाक्याला आधी उत्तर द्यायचा मोह होतो. पण मॉडेल आतून कसं चालतं हे कळल्याशिवाय दिलेला धीर दोन दिवस पुरतो, म्हणून क्रमाने जाऊ.

सुरुवात तुमच्या बागेतूनच करतो. एखाद्या खोडाचा घड १८ किलोचा पडेल की २६ चा, हे लागवडीच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. पण पाच हजार खोडांची रास साधारण कितीची बसेल हे जाणता व्यापारी बांधावर उभा राहून सांगतो. पोटॅश निम्म्यावर आणलं तर रास खाली येईल, हेही तो पैजेवर सांगेल. उद्याचा पाऊस म्हणजे एका खोडाचा घड. २०५० चं तापमान म्हणजे बागेची रास, तीही खताचा डोस बदलल्यानंतरची.

उद्याच्या अंदाजासाठी आजच्या वातावरणाची नेमकी स्थिती माहीत असावी लागते. त्यात राहिलेली बारीक चूक दिवसागणिक वाढत जाते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये कॉम्प्युटरवर एक आकडा सहाऐवजी तीन दशांशांपर्यंतच भरला आणि थोड्याच वेळात सगळं हवामान वेगळ्या वाटेला गेलं. म्हणून रोजच्या अंदाजाला साधारण दोन आठवड्यांची हद्द आहे, कॉम्प्युटर कितीही मोठा आणला तरी. तीस वर्षांच्या सरासरीला मात्र आजची स्थिती फारशी लागत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की पृथ्वीकडे उष्णता किती येते, किती परत जाते आणि मधला हिशेब कुणी बदलला.

तो हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. सूर्याकडून दर चौरस मीटरला १,३६१ वॅट येतात. पृथ्वी गोल आहे आणि अर्ध्या भागावर रात्र असते, म्हणून चारने भागा: ३४०. ढग, बर्फ आणि वाळवंटं त्यातले सुमारे ३० टक्के परत फेकतात, उरतात २३८. तेवढीच उष्णता बाहेर जायची तर पृथ्वी किती गरम हवी? २३८ ला ५.६७ गुणिले १० चा उणे ८ वा घात याने भागा आणि दोनदा वर्गमूळ काढा. उत्तर २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश. प्रत्यक्षात पृथ्वीची सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. मधले ३३ अंश ही वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायूंच्या गोधडीची ऊब. ही गोधडी नसती तर तापीचं पाणी गोठलेलं असतं.

आता डोस बदलू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाईतल्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता, आज ४२० च्या वर आहे. तो दुप्पट झाला तर दर चौरस मीटरला सुमारे ३.९ वॅट जादा अडकतात. बाकी काहीच बदललं नाही तर एवढ्याने साधारण १.२ अंश वाढतात. पण बाकी बदलतं. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते आणि वाफ स्वतःच गोधडी आहे. बर्फ वितळून काळी जमीन उघडी पडते, ढग बदलतात. हे सगळं धरून आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय मंडळाच्या) २०२१ च्या अहवालाने दुपटीचा अंदाज ३ अंश दिला, आणि बहुतेक करून २.५ ते ४ च्या मध्ये. हा पल्ला एवढा रुंद राहण्याला मुख्यतः ढग जबाबदार आहेत. वीस वर्षांत यंत्रं हजारपट झाली, ढगांचं त्रांगडं सुटलेलं नाही.

मोठं मॉडेल हाच हिशेब चौकटी पाडून करतं. पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किमी. १०० किमी बाजूच्या चौकटी पाडल्या तर ५१ हजार होतात, प्रत्येकीवर हवेचे पन्नासेक थर. झाली पंचवीस लाख खोकी. प्रत्येक खोक्यात वारा, दाब, तापमान आणि वाफ यांचे आकडे, आणि शेजारच्या खोक्याशी देवाणघेवाण वस्तुमान, ऊर्जा व गती यांच्या नियमांनी. खाली समुद्राची वेगळी खोकी, कारण जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते. घड्याळ पाव तासाने पुढे सरकतं. १८५० पासून २०५० पर्यंत जायचं तर ७० लाख पावलं. पाऊल मोठं घेता येत नाही: वरच्या थरातला वारा सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, तो एका पावलात खोकं ओलांडून पलीकडे गेला तर गणित फुटतं आणि पडद्यावर हजारो अंश तापमान दिसू लागतं. चौकट निम्मी केली की चौकटी चौपट आणि पावलं दुप्पट, म्हणजे काम आठपट. म्हणून कुणी सहजासहजी एक किमीची चौकट घेऊन शंभर वर्षं चालवत नाही.

आता हे खान्देशावर ठेवून बघा. जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किमी, म्हणजे जेमतेम एक चौकट. अमळनेर, भुसावळ, तुमची रावेरची बाग आणि सातपुड्यातलं पाल, सगळ्यांना एकच तापमान आणि एकच पाऊस. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेला जाणारी तापी, ही आपल्या हवामानाची खरी ठेवण. १०० किमीच्या चौकटीत ती सपाट होते. सातपुडा म्हणजे एक हलका उंचवटा उरतो आणि तापीचं खोरं त्यातच बुजतं. नंदुरबारकडे तोरणमाळवर भरपूर पाऊस आणि पायथ्याच्या शहाद्यात कितीतरी कमी, हा फरक मॉडेलला दिसतच नाही.

दुसरी अडचण चौकटीपेक्षा लहान गोष्टींची. उन्हाळ्याच्या दुपारी चढणारा गडगडाटी ढग पाच-दहा किमीचा असतो. तो खोक्यात मावून हरवतो, म्हणून त्याच्या एकंदर परिणामाचं एक सूत्र बसवतात. या सूत्रांमुळे बऱ्याच मॉडेलांमध्ये पाऊस रोज थोडा थोडा रिमझिम पडतो आणि एका रात्रीत शंभर मिमी कोसळत नाही. अरबी समुद्र थोडा थंड आणि भारतावरचा पावसाळा थोडा कोरडा, हाही अनेक मॉडेलांचा जुना दोष आहे. बहुतेक जागतिक मॉडेलांमध्ये तुमच्या बोअरचं पाणीही नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात पाणी पातळी किती खाली जाईल हे त्यांना विचारूच नये.

मोबाइलवरचा पाऊस का चुकतो, तेही इथेच उरकतो. अनेक अॅप जागतिक मॉडेलचा आकडा कुणाही माणसाच्या हाताखालून न जाता जसाच्या तसा दाखवतात. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने) तयार केलेली आणि मे २०२५ पासून सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किमीची आहे, ती बरीच बारीक बघते. तरी ६० टक्के पाऊस याचा अर्थ, असा अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी सहा दिवस पडेल. चार दिवस तुम्ही फवारणी थांबवून बसाल आणि तो पडणार नाही, आणि अंदाज तरीही बरोबर असेल.

आखाजीच्या भाकिताशी तुलना केली आहे ती टाळत नाही. घागरीखालची ढेकळं किती भिजली त्यावरून चार महिन्यांचा पाऊस ठरवणं हा हंगामाच्या तोंडावर मन एकवटण्याचा विधी म्हणून समजतो. फरक एवढाच की मॉडेलला नापास करता येतं. कोणत्या अटीवर काय होईल ते आधी लिहून ठेवलेलं असतं आणि नंतर मोजलेल्या आकड्याशी ताडतात.

ताडलं आहेच. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये हवेचा एकच खांब घेऊन, आजच्या मोबाइलपेक्षा कितीतरी दुबळ्या यंत्रावर, दुपटीला सुमारे २.३ अंश काढले. त्यातच आणखी एक गोष्ट निघाली: खालची हवा तापेल आणि त्याच वेळी हवेचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. सूर्य जास्त तापल्यामुळे वाढ होत असती तर दोन्ही तापले असते. पुढच्या दशकांत उपग्रह आणि फुग्यांच्या मोजणीत स्थितांबर थंड होतानाच दिसला. मानाबेंना यासाठी २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा जेम्स हॅन्सन यांच्या गटाने जग तात्पुरतं सुमारे अर्धा अंश थंड होईल असं आधी छापलं, आणि १९९२ मध्ये तसंच झालं. १९७० ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेले १७ अंदाज २०२० मध्ये एकत्र तपासले गेले. त्यातले १० मोजलेल्या तापमानाशी जुळले. माणसं प्रत्यक्षात किती वायू सोडतील हा अंदाज चुकल्याची दुरुस्ती केल्यावर १४. म्हणजे चुकांतली मोठी चूक भौतिकशास्त्राची नव्हती, माणसांचं वागणं ओळखण्याची होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हातात आकडे घेऊन काम कसं करायचं. घरात कुणाला पायथन किंवा निदान एक्सेल येत असेल तर आठवडाभराचं काम आहे. भारतीय हवामान विभागाचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत १९०१ पासून, आणि कमाल-किमान तापमान एक अंशाच्या चौकटींत १९५१ पासून फुकट मिळतं. आपल्या अक्षांशावर पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण २८ बाय २६ किमी, ७२० चौरस किमी. जळगावच्या पंधरा तालुक्यांची सरासरी धरली तर जवळजवळ तालुक्याला एक. भविष्यासाठी नासाचा पाव अंशाचा संच आहे, त्यात सीएमआयपी६ ची (जगभरची मॉडेलं एकाच अटींवर चालवून ताडण्याच्या सामाईक प्रकल्पाची) तीसच्या वर मॉडेलं बारीक करून ठेवलेली आहेत. आयआयटीएमचं स्वतःचं मॉडेल सीएमआयपी६ मध्ये उतरलेलं भारतातलं पहिलं. कोडिंग नको असेल तर आयपीसीसीचा परस्परसंवादी अॅटलास ब्राउझरमध्ये उघडतो, पण तो तालुका दाखवत नाही.

पहिल्याच दिवशी ज्या चुका होतात त्या आधीच सांगतो. तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा. पाऊस दर चौरस मीटरला दर सेकंदाला किलोग्रॅममध्ये असतो, ८६,४०० ने गुणा, मग दिवसाचे मिमी येतात. हे न करता तक्ता काढला की जळगावात वर्षभर शून्य पाऊस दिसतो आणि मॉडेल भंगार आहे असं वाटतं. काही मॉडेलांत २९ फेब्रुवारी नसतो, आणि ब्रिटिश मॉडेलच्या मूळ फायलींत प्रत्येक महिना ३० दिवसांचा असतो, म्हणजे ३० फेब्रुवारीही येतो. तारखा सरळ जुळवायला गेलात की ओळी सरकतात. सीएमआयपी६ चा भूतकाळ २०१४ ला संपतो, २०१५ पासून पुढे, किती वायू सोडले जातील याच्या वेगवेगळ्या वाटांच्या फायली. म्हणून तुलनेचा पाया १९८५ ते २०१४ असा तीस वर्षांचा घ्या.

सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळीच. मॉडेलमधलं २००९ काढून खऱ्या २००९ च्या दुष्काळाशी ताडतात आणि जुळत नाही म्हणून हसतात. ही मॉडेलं १८५० पासून आपली आपण चालत आलेली असतात, त्यांचे एल निनो वेगळ्या वर्षी येतात. वर्षाला वर्ष जुळवायचं नसतं. तीस वर्षांची सरासरी, चढउतार आणि टोकं जुळवायची असतात. त्याच कारणाने "२०४७ मध्ये दुष्काळ" असलं वाक्य कुठे वाचलं तर पान उलटा.

दुरुस्तीची सगळ्यांत सोपी रीत फरकाची. समजा, मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान मोजणीत ४२.५ आहे आणि त्याच तीस वर्षांसाठी मॉडेल ४०.१ सांगतं. २०४१ ते २०६० साठी तेच मॉडेल ४१.९ देतं. मॉडेलचं ४१.९ उचलायचं नाही. त्याची वाढ १.८ उचलायची आणि मोजलेल्यात मिळवायची: ४४.३. पावसाला बेरीज चालत नाही, गुणोत्तर घ्या. मोजलेला हंगाम ६५० मिमी, मॉडेलचा ४८० आणि पुढचा ५२८ असेल तर वाढ १० टक्के, म्हणून ७१५. (हे आकडे रीत दाखवण्यापुरते आहेत, अंदाज म्हणून कुणाला पाठवू नका.) नासाच्या संचात दुरुस्ती आधीच केलेली असते, तिथे पुन्हा करू नका. आणि हे किमान आठ-दहा मॉडेलांसाठी करा. सीएमआयपी६ मधली काही मॉडेलं दुपटीला ५ अंशांच्या वर जातात, ती जास्तच तापट आहेत यावर बऱ्यापैकी एकमत आहे. त्यांना सरासरीत मोकळं सोडू नका. उरलेल्यांचा मधला आकडा आणि दोन्ही टोकं लिहून ठेवा. एकच आकडा लिहिलात तर मेहनत वाया.

दीड-दोन अंशांनी काय होतं, असं वाटत असेल तर ही आकडेमोड बघा. मे महिन्याची सरासरी ४२ आणि रोजचा चढउतार २ अंशांचा धरला तर ४४ च्या वर महिन्यातले साधारण ५ दिवस जातात. सरासरी दीड अंशाने सरकवली की तेच १२ होतात. सरासरी चालते, टोक पळतं. केळीची वाढ ३८-४० च्या पुढे खुंटते आणि निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी उन्हाची झळ आली तर घड होरपळतो. म्हणून सरासरीपेक्षा मर्यादा ओलांडणारे दिवस मोजा, आणि तेही बागेच्या वयाला जोडून: मृगबागेचा (जून-जुलैच्या लागवडीचा) मे वेगळा, कांदेबागेचा (पावसाळ्यानंतरच्या लागवडीचा) मे वेगळा.

मॉडेलच्या कोणत्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मी असं लावेन. तापमान वाढणार आणि रात्री गरम होणार, यावर जवळजवळ पूर्ण. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंश वाढलंच आहे. जगापेक्षा ते कमी दिसतं कारण हवेतल्या धुराच्या कणांनी आणि जमिनीच्या बदललेल्या वापराने थोडी सावली धरली आहे. हवा स्वच्छ झाली की ती सावली कमी होईल, हे कडू असलं तरी खरं. कमी वेळात जास्त पाऊस, यावरही चांगला भरवसा आहे, कारण ७ टक्के वाफेचं गणित सरळ आहे. मध्य भारतात दिवसाला १५० मिमीच्या वरच्या पावसाचं प्रमाण १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढलं. हंगामाच्या एकूण पावसावर मध्यम. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के घटला आणि तरी मॉडेलं पुढे वाढ दाखवतात. विसंगती वाटते, पण घटीत धुराचा वाटा मोठा होता आणि पुढे वायूंचा वाटा वरचढ होतो. चोपड्यात जास्त की पारोळ्यात, यावर फार थोडा भरवसा. मे-जूनचा केळी आडवी करणारा वादळी वारा आणि गारपीट यांवर जवळजवळ शून्य. थंडीचा चरका सरासरीने कमी होईल, पण एखाद्या जानेवारीत तीन रात्री पारा १० च्या खाली जाऊन नुकसान होणारच नाही, असं कुणी सांगू शकत नाही.

आता तुमच्या घाबऱ्या जिवाकडे. मॉडेलची सगळी उत्तरं जर-तरची असतात. किती वायू सोडले जातील याच्या वाटा ठरवून दिलेल्या असतात आणि प्रत्येक वाटेला वेगळं उत्तर. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत सगळ्यांत संयमी वाटेवर १.४ अंश, त्याहून सैल वाटेवर १.८, मधलीवर २.७, नंतर ३.६ आणि सगळ्यांत बेफाम वाटेवर ४.४. बातम्यांचे मथळे फार वेळा शेवटची वाट उचलतात. तिच्यात कोळशाचा वापर अफाट वाढत जातो असं धरलं आहे आणि जग आज त्या वाटेवर नाही. २०१५ मध्ये पॅरिस करार झाला तेव्हा जग ३ ते ३.५ अंशांकडे चाललं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात चालू धोरणांवर तो आकडा २.८ आहे. २.८ वाईटच आहे. पण तो हलला, आणि माणसांनी हलवला. २०१० ते २०१९ मध्ये सौर विजेचा खर्च ८५ टक्क्यांनी आणि पवनविजेचा ५५ टक्क्यांनी उतरला. साक्रीच्या माळावरचे सौर पॅनल आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्याच उताराच्या साक्षीदार.

याहून मोठी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. कार्बन डायऑक्साइड सोडणं निव्वळ शून्यावर आलं की जागतिक तापमानवाढ जवळपास तिथेच थांबते. "आता काहीही केलं तरी शतकभर तापतच राहणार" ही समजूत जुनी आहे. समुद्राचं उष्णता शोषणं हळूहळू मंदावतं आणि त्याने तापमान वर जाऊ बघतं, पण त्याच वेळी तो हवेतला वायूही शोषत राहतो, आणि दोन्ही मिळून हिशेब शून्याच्या आसपास येतो, काही दशांश इकडे-तिकडे. तापमान आपोआप खाली मात्र येत नाही, आणि समुद्राची पातळी पुढेही चढत राहते. सोडलेल्या दर १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे ०.४५ अंश, हे प्रमाण जवळजवळ सरळ रेषेत चालतं. म्हणजे १.५ हुकलं म्हणून सगळं संपलं असं नसतं, १.९ आणि २.१ यांतही उन्हाळ्याचे मोजता येणारे दिवस असतात. मिथेन बारा-एक वर्षांत विरतं, तिथे केलेली कपात लवकर दिसते. माझ्या मते आशेला एवढा आधार पुरे आहे. याहून गोड काही सांगणारा काहीतरी विकायला आला असावा.

तरी २०४१ ते २०६० चे आकडे बघा: सगळ्यांत संयमी वाटेवर १.६, बेफाम वाटेवर २.४. फरक थोडा. म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षं बरीचशी ठरलेली आहेत, आणि तीच तुमच्या मुलाच्या उमेदीची. त्याला शेतीत पडायचं असेल तर पडू द्या, पण प्रत्येक वाटेवर टिकतील असे निर्णय आधी घ्यायला लावा.

पाण्याचंच उदाहरण घ्या. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचं शेततळं २,१९६ घनमीटरचं होतं, म्हणजे साधारण २२ लाख लिटर. एकरी १,७०० खोडं, मे महिन्यात ठिबकने खोडाला दिवसाला २० लिटर, म्हणजे ३४ हजार लिटर. कागदावर ६४ दिवस पुरतं. पण भर उन्हाळ्यात दिवसाला ८ ते १० मिमी बाष्पीभवन धरा, ९०० चौरस मीटरवर ते ९ हजार लिटरपर्यंत जातं. ६४ चे ५१ झाले. पाणी खाली गेलं की पृष्ठभाग आकसतो, म्हणून दोन-चार दिवस जास्त मिळतील. आता पाऊस वीस दिवस उशिरा आला तर काय, हे मुलाने स्वतः मांडावं. मॉडेल ते वर्ष सांगणार नाही, पण असं वर्ष येणार हे धरूनच एकर ठरवायचे. तळं दोन एकरांना पुरत नसेल तर दुसरा एकर केळीचा नसावा. तळ्यावर सावलीची जाळी, खोडाभोवती पाचटाचं आच्छादन, पश्चिमेच्या बांधावर शेवरीची दाट ओळ आणि निसवलेल्या खोडांना टेकू, ही कामं १.६ लाही फायद्याची आणि २.४ लाही. वाऱ्याबद्दल मॉडेल गप्प आहे, म्हणून शेवरीला सुट्टी नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैतराम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखून पाणी जिरवलं, तेही कुठल्याच मॉडेलच्या चौकटीत दिसत नाही. चौकटीत न दिसणारी बरीचशी कामं गावाच्या हातातली आहेत.

आणि आजपासून नोंद ठेवा, कारण वरची सगळी दुरुस्ती मोजलेल्या आकड्यांवर उभी आहे आणि तुमच्या शिवाराचे आकडे कुठल्याच संचात नाहीत. कमाल-किमान तापमापक जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, दार उत्तरेकडे. पत्र्याखाली किंवा भिंतीला टांगला तर दोन-तीन अंश जास्त दाखवतो, आणि तेवढ्यात तर सगळा हवामान बदल मावतो. पर्जन्यमापक झाडापासून झाडाच्या दुप्पट उंचीएवढा दूर. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान विभागाच्या वेळेला. साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहायचा, आदल्या दिवसाच्या नाही. महिना भरला की तुमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यांशी ताडून फरक शेजारच्या रकान्यात मांडा. एखादा दिवस राहिला तर जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.